फुस्स करून खाली बसणारा ट्रक: हवेचं सस्पेन्शन चांगलं की कायमचं लोअरिंग?

रील्स बघताना हे दृश्य तुम्ही कधीतरी पाहिलं असेल. साठ-सत्तरच्या दशकातला, रंग उडालेला एक अमेरिकन पिकअप पार्किंगमध्ये येऊन थांबतो. 'फुस्स' असा आवाज होतो आणि अख्खी गाडी म्हशीसारखी जमिनीवर बसते. शेजारी तसाच दुसरा ट्रक. तोही खाली, पण तो हलत नाही. तो कायमच तसा असतो.

पहिल्याला 'बॅग्ड' म्हणतात, दुसऱ्याला 'स्टॅटिक'. अमेरिकेतल्या जुन्या ट्रकच्या शौकिनांमध्ये या दोन्हींवरून जोरात वाद होतात. जो पैसे घालणार असतो, त्याच्यासाठी मात्र हा फक्त लूकचा मामला नसतो.

स्टॅटिक म्हणजे काय करतात?

या शौकिनांची लाडकी गाडी म्हणजे शेवरले सी-१०, त्यातही १९६७ ते १९७२ मधली. तिच्या पुढच्या चाकांचे स्पिंडल बदलले की स्प्रिंगला हात न लावता गाडी साधारण अडीच इंच खाली येते. उरलेलं काम आखूड स्प्रिंग करते. मागेही आखूड स्प्रिंग लागते. १९७३ नंतरच्या मॉडेलला मागे पाटे आहेत, तिथे पाट्यांखालचा अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर घेतात. पुढून चार इंच, मागून सहा इंच हे माप खूप चालतं, कारण माल लादायचा म्हणून कंपनीने मागची बाजू मुळातच उंच ठेवलेली असते.

इथेच एक गोष्ट अनेक जण विसरतात. मागची बाजू इतकी खाली आणली, की खड्ड्यात अ‍ॅक्सल वर उसळून थेट चेसिसवर आदळतो. म्हणून तिथे चेसिस कापून, मजबुती देऊन खाच करावी लागते. हा खर्च टाळला, किंवा स्वस्तात मूळ स्प्रिंगच कटरने कापली, तर गाडी दणके देणारच. मग लोक म्हणतात, 'स्टॅटिक लय कडक असतं'. दोष स्टॅटिकचा नसतो, जुगाडाचा असतो.

आणि हवेचं?

यात स्प्रिंगच्या जागी रबरी बॅग येते. सोबत कॉम्प्रेसर, हवेची टाकी, व्हॉल्व्ह, पाइप, वायरिंग. मुंबई-पुणे शिवनेरीने गेला असाल, तर हवेवरची गाडी कशी चालते याचा अनुभव तुम्हाला आहेच. गतिरोधक आला की बटण दाबून गाडी वर घ्यायची. मागे सामान भरलं की हवा वाढवायची. स्टॅटिकला हे जमत नाही.

पण पार्ट वाढले की बिघाडाच्या जागाही वाढल्या. सांध्यातून हवा गळायला लागली, की कॉम्प्रेसर सतत चालून जळतो. टाकीत साचलेलं पाणी काढलं नाही, तर कडाक्याच्या थंडीत व्हॉल्व्ह गोठतात. हे दुखणं जुनंच आहे. कॅडिलॅकने १९५७ च्या एल्डोराडो ब्रोहॅमला हवेचं सस्पेन्शन दिलं होतं. ते इतकं गळायचं, की अनेक मालकांनी काढून साध्या स्प्रिंग बसवून घेतल्या. आजच्या बॅग खूप सुधारल्यात, पण तपासणी चुकत नाही.

शिवाय बॅग असली म्हणजे गाडी आपोआप मऊ चालते, हा निव्वळ गैरसमज. धक्का शोषायला चांगले शॉकअप दोन्हीकडे लागतात. आणि उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो. म्हणून चालवायची उंची एकच ठरवून त्याच उंचीवर अलाइनमेंट करावी लागते. रीलमधली जमिनीला टेकलेली अवस्था फक्त पार्किंगपुरती असते.

किती खाली म्हणजे फार खाली?

टायर फुटला आणि गाडी रिमवर आली, तरी तिचा कुठलाही भाग रस्त्याला लागता कामा नये. कॅलिफोर्नियाने १९५८ मध्ये जवळपास हीच रेषा कायद्यात घातली: बदल केलेल्या गाडीचा कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. त्यावर उपाय म्हणून मेक्सिकन-अमेरिकन लोरायडर मंडळींनी गाडी वर-खाली करणारे हायड्रॉलिक पंप बसवले. म्हणजे 'हवं तेव्हा खाली' हा प्रकार रुजण्यात पोलिसांचाही हात आहे! ती बंदी २०२४ च्या सुरुवातीला उठली. रिमची कसोटी मात्र आजही उपयोगी आहे.

मग निवड कशी करायची? ट्रक रोज चालणार असेल, रस्ते बरे असतील आणि तीन-चार इंचांवर मन भरत असेल, तर नीट केलेलं स्टॅटिक कमी खर्चात वर्षानुवर्षं चालतं. घरासमोर उंच चढ आहे, मागे ट्रेलर ओढायचा आहे किंवा गाडी अगदी जमिनीलाच टेकवायची आहे, तर बॅगला पर्याय नाही. मात्र बजेट अर्धंच असेल, तर अर्धवट एअर किटपेक्षा पूर्ण स्टॅटिक बरं.

भारतात चालेल का?

इथे दोन्हींची अडचण एकच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.