मुलगी ‘ढ’ नाही, भाषा नवी आहे



सातवीपर्यंत गावातल्या शाळेत शिकलेल्या आपल्या मुली आठवीला एसटीनं मोठ्या गावच्या हायस्कूलला जायला लागतात. प्रवेश घेताना बऱ्याच ठिकाणी विचारलं जातं, “सेमी घेणार का?” सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. काही शाळांत हे पाचवीपासून असतं, काहींत आठवीपासून. पुढं सायन्सला जायचं तर अकरावीपासून इंग्रजीतूनच शिकावं लागतं, म्हणून आपण ‘हो’ म्हणतो.

मग पहिली चाचणी होते. गणितात पुढं असणारी मुलगी काठावर पास होऊन घरी येते. लगेच कुणीतरी म्हणतं, “हिच्या डोक्यात काही शिरत नाही.” त्यापुढचं बोलणं आपल्याला ठाऊक आहे. शाळा, एसटी, वह्या यांचा खर्च काढला जातो आणि हळूच स्थळाचा विषय निघतो. म्हणून आज आपण समजून घेऊ, की वर्गात बसलेल्या या मुलीला रोज नेमकं काय करावं लागतं आणि इंग्रजी न येणारी आई तिला काय मदत करू शकते.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. मग तुम्ही म्हणाल, सात वर्षं शिकूनही अडचण का? याचं उत्तर आपल्या गटातच आहे. मराठी तर आपली जन्माची भाषा. तरी बँकेचा कर्जाचा अर्ज पहिल्यांदा हातात आला तेव्हा ‘मुद्दल’, ‘तारण’, ‘जामीनदार’, ‘थकबाकी’ हे शब्द समजून घ्यावे लागलेच ना? रोजच्या बोलण्याची भाषा वेगळी आणि कामकाजाची वेगळी. इंग्रजीचंही तसंच. ‘माझं नाव अमुक, मी अमुक गावात राहते’ एवढं बोलता येणं ही एक पायरी. विज्ञानाचा धडा वाचून त्याचं उत्तर लिहिणं ही फार वरची पायरी.

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक १९७९ मध्ये मांडला. बाहेरच्या देशांतून कॅनडात आलेल्या मुलांबद्दल त्यांना दिसलं, की रोजचं इंग्रजी बोलायला ती साधारण दोन वर्षांत शिकतात, पण अभ्यासाच्या इंग्रजीत इतर मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. त्या मुलांच्या कानावर तर दुकानात, बसमध्ये, खेळताना सगळीकडे इंग्रजी पडत होतं. आपल्या मुलींच्या कानावर ते बहुतेक वर्गातच पडतं. मग पहिल्या चाचणीवरून त्यांची पारख कशी करायची?

आता वर्गात काय होतं ते बघू. गणिताच्या तासाला मुलगी एकाच वेळी दोन कामं करते, आधी भाषा सोडवते आणि मग गणित. ‘व्हॉल्यूम’ हा शब्द घ्या. मोबाईलवर व्हॉल्यूम म्हणजे आवाज, हे तिला माहीत आहे. गणितात व्हॉल्यूम म्हणजे घनफळ, टाकीत किती पाणी मावेल ते. ‘टेबल’ म्हणजे घरातलं टेबल, गणितात पाढा आणि विज्ञानात माहितीचा तक्ता. ‘सोल्यूशन’ म्हणजे गणितात उकल आणि विज्ञानात द्रावण, म्हणजे साखर विरघळलेलं पाणी. टाकीचं घनफळ काढायला तिला सातवीपर्यंतचं गणित पुरतं. अडतं ते शब्दापाशी. उत्तर चुकलं की आपण समजतो गणित कच्चं आहे.

दुसरी गोष्ट वाक्याची. आपण म्हणतो, ‘मी भाकरी खाते.’ क्रियापद शेवटी. इंग्रजीत ते मध्ये येतं, ‘मी खाते भाकरी’ असं. आपल्याकडे ‘तो खातो’, ‘ती खाते’ असं बदलतं, तिकडे ‘ही’ आणि ‘शी’ दोघांनाही ‘ईट्स’. शिवाय देवनागरीत आपण जवळपास जसं लिहितो तसंच वाचतो. इंग्रजीत सुरीला ‘नाइफ’ म्हणतात, पण लिहिताना सुरुवात ‘के’ या अक्षरानं करतात आणि तो ‘के’ उच्चारतच नाहीत. या गोष्टी सवयीनंच बसतात, आणि सवय लागते ती रोज ऐकून, बोलून, वाचून.

अडचण अशी, की बऱ्याच वर्गांत बोलायची वेळच येत नाही. गुरुजी किंवा मॅडम धडा वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहितात आणि मुलं उतरवून घेतात. वही सुंदर दिसते. पण उतरवणं म्हणजे शिकणं नव्हे. हिशेब करा. तास ३५ मिनिटांचा आणि वर्गात ५० मुलं असली, तर एकेक करून बोलायला प्रत्येकाला ४२ सेकंद येतात, तेही शिक्षक एक शब्द बोलले नाहीत तर.

यावर साधा उपाय आहे आणि चांगले शिक्षक तो करतात. मुलांच्या जोड्या करायच्या. एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं. मग एकाच वेळी अर्धा वर्ग बोलत असतो. थोडा गोंगाट होतो, पण तो अभ्यासाचाच. धडा सुरू करण्याआधी त्यातले पाच-सहा अवघड शब्द फळ्यावर लिहून, वस्तू किंवा चित्र दाखवून समजावले, तर धडा वाचताना मुलं अडखळत नाहीत. ‘मला वाटतं की...’, ‘कारण असं की...’ अशी इंग्रजी वाक्यांची सुरुवात लिहून दिली, तर लाजरी मुलगीही पुढचं वाक्य पुरं करते.

एक गैरसमजही दूर करू. वर्गात मराठी वापरली म्हणजे इंग्रजी बिघडलं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. नवी कल्पना आधी आपल्या भाषेत कळली, की तिचा इंग्रजी शब्द डोक्यात पक्का बसतो. ज्या मुलीला ‘बाष्पीभवन’ म्हणजे वाळत घातलेल्या लुगड्यातलं पाणी कुठं जातं हे समजलंय, तिला ‘इव्हॅपोरेशन’ हा फक्त एक शब्द शिकायचा असतो. मात्र सगळा तास मराठीतच गेला आणि इंग्रजी फळ्यावरच राहिलं, तर तेही उपयोगाचं नाही.

आता आपलं काम. इंग्रजी येत नसलं तरी आईला हे जमतं.

पहिलं, संध्याकाळी भाकरी थापताना मुलीला विचारा, “आज विज्ञानात काय शिकलीस ते मला मराठीत सांग.” तिला नीट सांगता आलं, तर विषय कळलाय, फक्त इंग्रजी शब्द राहिलेत. सांगताच आलं नाही, तर धडाच कळलेला नाही. मग दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विचारायला तिला शाळेत पाठवा.

दुसरं, रोज दहा मिनिटं तिला इंग्रजीचं पुस्तक मोठ्यानं वाचायला लावा. अर्थ कळला नाही तरी ती कुठं अडखळते ते तुमच्या कानाला कळतं. त्या शब्दाखाली रेघ मारायला सांगा.

तिसरं, शब्दांची एक वही करा. इंग्रजी शब्द, त्याचा उच्चार, मराठी अर्थ आणि तिनं स्वतः केलेलं वाक्य. दिवसाला पाच शब्द पुरे. बियाण्याची पिशवी, औषधाची पट्टी, साबणाचं वेष्टन यांवरचे शब्दही त्यात येऊ द्या.

चौथं, चुकीचं इंग्रजी बोलली म्हणून तिला हसू नका आणि भावंडांनाही हसू देऊ नका. एकदा हसलेली मुलगी वर्गात तोंड उघडत नाही.

शाळेच्या पालक सभेलाही जा, आणि एकटीनं जाऊ नका, गटातल्या दोघी-तिघी मिळून जा. फक्त “गुण का कमी?” असं न विचारता तीन प्रश्न विचारा. आमची मुलगी आठवड्यातून किती वेळा इंग्रजीत बोलते? अवघड शब्दांचा अर्थ मराठीतून मिळतो का? तिची चूक गणिताची आहे की भाषेची? उत्तरपत्रिका दाखवून हे समजावून घ्या. सेमी खरंच झेपत नसेल आणि शाळेत मराठी माध्यमाची तुकडी असेल, तर मुख्याध्यापकांशी वेळेत बोला. मराठीतून शिकणं म्हणजे मागं पडणं नव्हे.

दहावीबद्दलही सांगते. इंग्रजीचे १०० गुण असतात, त्यात ८० लेखी आणि २० तोंडी परीक्षेचे. पास व्हायला ३५ लागतात. म्हणजे रोज चार वाक्यं बोलण्याची सवय परीक्षेतही कामी येते. आणि समजा एखादी मुलगी इंग्रजीत राहिलीच, तरी शाळा संपली असं नाही. पुरवणी परीक्षा देता येते, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीनं अकरावीला प्रवेश मिळतो. नापासाचा कागद बघून लग्नाची घाई करू नका.

पुढच्या गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले की पंधरा मिनिटं यासाठी ठेवा. कुणाची मुलगी आठवी ते दहावीत आहे, तिला कोणता विषय भाषेमुळं जड जातो, हे एकमेकींना सांगा. गावात कॉलेजला जाणारी एखादी ताई असेल, तर आठवड्यातून एक दिवस या मुलींना एकत्र बसवून वाचन घेईल का, तिला विचारा. जागा आपल्यापैकी कुणाच्याही ओसरीवर होईल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.