अँग्लिकन दीक्षाविधीतील उत्तरे : नम्रता आणि निश्चय

इंग्लंडच्या चर्चमधील दीक्षाविधीची इंग्रजी संहिता प्रथम इ. स. १५५० मध्ये सिद्ध झाली व १६६२ च्या प्रार्थनाग्रंथात तिला स्थिर रूप आले. या विधीत बिशप प्रश्न विचारतो आणि उमेदवार ठरावीक शब्दांत उत्तरे देतो. या उत्तरांतील क्रियापदे एकाच तोलाची नाहीत, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

पवित्र आत्म्याची अंतःप्रेरणा झाली असल्याचा भरवसा आहे काय, असे डीकनपदाच्या उमेदवारास विचारले जाते. प्रीस्टपदाच्या वेळी तर ‘वाटते’ या अर्थाचे क्रियापद येते. आपणास खरोखर पाचारण झाले आहे असे अंतःकरणात वाटते काय, हा प्रश्न, आणि मूळ इंग्रजीत अवघ्या तीन शब्दांचे उत्तर. याच्या लगेच पुढे, तारणास आवश्यक ती सर्व शिकवण पवित्र शास्त्रात पुरेशी आहे काय, असे विचारले असता उत्तर मात्र खात्रीचे व निर्धाराचे असते. आचरणाविषयीच्या वचनांना पुन्हा ईश्वरी साहाय्याची जोड दिलेली आहे.

हा संकोच म्हणजे संशय नव्हे. पाचारणाचा निवाडा उमेदवाराने एकट्याने करावयाचा नसतो. आर्चडीकन त्याला सादर करतो, बिशप त्याच्या पात्रतेची विचारणा करतो, आणि त्याच्यातील दोष कोणास ठाऊक असल्यास तो पुढे येऊन सांगावा, असे उपस्थितांना आवाहन होते. उमेदवाराने केवळ अंतरीची साक्ष द्यावयाची. नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे (१८२५–१८९५) यांना १८४८ मधील बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी सोडले नाही; तरी ते याच परंपरेत प्रीस्ट झाले. अशा माणसाला ‘वाटते’ हा शब्द प्रामाणिकपणे उच्चारता येतो. या व्यवस्थेची दुसरी बाजू कठोर आहे. पाचारणाची अंतरी खात्री असलेल्या स्त्रियांना चर्चच्या निवाड्यासाठी १९९४ पर्यंत थांबावे लागले.

बिशपपदाच्या विधीत हा क्रम मोडतो; तेथे स्वतःच्या पाचारणाविषयीही ‘खात्री’ व्यक्त होते. प्रश्नांपूर्वीच राजाज्ञा वाचून दाखविलेली असते, म्हणजे बाह्य निवाडा आधीच जाहीर झालेला असतो, हे त्याचे कारण असावे.

१९८० च्या पर्यायी उपासनाग्रंथाने ‘वाटते’ काढून उत्तरात ‘विश्वास आहे’ असे घातले, आणि स्वतःचे अंतःकरण जेवढे कळते तेवढ्यापुरते, ही मर्यादा प्रश्नात आणली. त्यामुळे उमेदवाराच्या मुखातील नम्रता बिशपच्या मुखी गेली. हा बदल सोयीचा असला, तरी जुनी योजना अधिक सूक्ष्म होती. १६६२ ची संहिता अद्याप अधिकृत आहे.