हळद लावण्याआधी

आपल्याकडे जनावराला जखम झाली की हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. हळद वाईट नाहीच. २०२२ मध्ये लम्पी या त्वचारोगाने महाराष्ट्रातले गोठे हादरवले, तेव्हा राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने जखमांसाठी जो लेप सांगितला, त्यातही ती होती. खोकली, कडुनिंब, तुळस, मेंदी यांचा मूठमूठ पाला, लसणाच्या १० पाकळ्या आणि २० ग्रॅम हळद वाटून अर्धा लिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात उकळायची, गार झाल्यावर लावायची. पण लेपाआधी जखम धुवायची, हेच नेमकं घरी राहून जातं. माती नि केसांवर भुरभुरलेली हळद वरून वाळते, आत पू साचत राहतो.

धुवायला लिटरभर पाणी उकळून गार करा, त्यात चहाचा दीड चमचा मीठ घाला. एवढं पुरतं.

शेण किंवा गोठ्यातली माती थापणं हा उपाय नव्हे. धनुर्वाताचे जंतू तिथेच असतात, आणि घोडा, मेंढी, शेळी यांना धनुर्वात पटकन होतो.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त चुका होतात त्या अळ्यांच्या बाबतीत. संगमनेरी शेळीच्या कानामागे खरचटतं, माशी अंडी घालते आणि दुसऱ्या दिवशी जखम आतून वळवळते. मग कुणी फिनेल ओततं, कुणी पेट्रोल. अळ्या मरतात, पण मांसही भाजतं. अळ्या डोकं आत खुपसून शेपटाकडून श्वास घेतात, म्हणून कापूर घातलेलं खोबरेल सोडलं की गुदमरून वर येतात, चिमट्याने काढता येतात. सीताफळाच्या पाल्याचा लेपही चालतो. बिया मात्र नकोत, त्या डोळ्याला घातक. आणि हे शेळी-गाईपुरतंच. अंग चाटणाऱ्या मांजरा-कुत्र्याला कापूर लावू नका. ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जाणारं टी-ट्री तेलही त्यांना विषारी आहे.

कुत्र्याने चाटून जखम बरी होते, असं अजूनही ऐकतो. चाटून ती सारखी उघडी पडते. गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घाला.

जनावराला पिसाळलेलं कुत्रं चावलं असेल, तर मिरची-चुना नको. हातमोजे घालून १५ मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याने जखम धुवा आणि त्याच दिवशी लसीसाठी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन केला तरी चालेल.