'रासेयो' अभ्यासाच्या आड येते का?

अहिल्यानगर जिल्ह्यातले पालक महाविद्यालयात हमखास विचारतात: 'रासेयो'त गेल्यावर अभ्यासाचे काय? 'रासेयो' म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना; ती १९६९ पासून चालू आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास समाजकार्य करायचे असते. म्हणजे आठवड्याला सरासरी अडीच तासही नाहीत. शिवाय दोन वर्षांत एकदा सात दिवसांचे विशेष शिबिर (गावात मुक्कामी राहून केलेले काम) असते. हा वेळ अभ्यासातून कापला जातो, हा समज बरोबर नाही. ज्वारीत करडईचे आंतरपीक घेताना ओळी आधीच ठरवतात, तसे इथे तास आधी ठरवावे लागतात. नव्या शैक्षणिक धोरणात अशा उपक्रमांना श्रेयांकही (पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे एकक) मिळू शकतात. खरी ओढाताण होते ती शिबिर परीक्षेला खेटून आले तर. म्हणून नाव नोंदवतानाच महाविद्यालयातल्या 'रासेयो' कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून शिबिराच्या तारखा विचारून घ्याव्यात.