परसातल्या कोंबडीची विचित्र अंडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोंबडीच्या पोटात एक अंडे तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. पिवळा बलक अंडाशयातून सुटून अंडनलिकेत उतरतो, पुढच्या तीनेक तासांत त्याभोवती पांढरा बलक चढतो, तासाभरात दोन पातळ पापुद्रे बसतात आणि उरलेले जवळपास वीस तास कवच घडण्यात जातात. अंड्यात काही विचित्र दिसले तर ते या वाटेवर कुठे बिनसले, हे बहुतेक वेळा सांगता येते. बाजारातली अंडी आधीच निवडून आलेली असतात, म्हणून तिथे असे नमुने क्वचित दिसतात. परसात पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्याच्या हाती ते अधूनमधून लागतातच.

सर्वांत घट्ट रुजलेला समज रक्ताच्या ठिपक्याचा आहे. बलकावर लाल ठिपका दिसला की अंड्यात पिल्लू धरले होते असे मानून ते टाकून दिले जाते. पण ज्या खुराड्यात कोंबडाच नाही, तिथल्या अंड्यांतही असे ठिपके निघतात. अंडाशयात बलक रक्तवाहिन्यांनी वेढलेल्या पिशवीत वाढतो. तो पिकला की ही पिशवी रक्तवाहिन्या नसलेल्या एका फिकट रेषेवर उकलते. ती जरा बाजूला फाटली की एखादी बारीक वाहिनी तुटते आणि थेंबभर रक्त बलकाला चिकटते. ठिपका चमच्याने काढून अंडे शिजवून खुशाल खावे. फलित अंड्याची खूण वेगळी असते: बलकावरचा पांढुरका डाग कड्यासारखा गोल दिसतो, अफलित अंड्यात तो लहान आणि भरीव असतो. खुडूक कोंबडीखाली तीन-चार दिवस राहिलेल्या अंड्यात रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते, तो प्रकार निराळा. पांढऱ्या बलकातली पिळदार दोरी म्हणजेही पिल्लाची सुरुवात नव्हे. बलक मध्यभागी तोलून धरणे एवढेच तिचे काम, आणि ताज्या अंड्यात ती अधिक ठळक दिसते.

दोन बलकांचे अंडे निघाले की इंजेक्शनचा संशय घेतला जातो. प्रत्यक्षात ही बहुधा नुकत्या अंड्यावर आलेल्या तलंगेची गडबड असते. अंडाशयाची लय अजून बसलेली नसते, दोन बलक पाठोपाठ सुटतात आणि एकाच कवचात बंद होतात. काही वंशांत हे प्रमाण उपजतच जास्त असते. असे अंडे खायला चांगले, उबवायला मात्र ठेवू नये. त्यातून दोन धडधाकट पिल्ले निघणे फार दुर्मीळ.

याच्या उलट, सुपारीएवढे, बलक नसलेले अंडेही कधी मिळते. अंडनलिकेत सुटलेला एखादा मांसाचा कण किंवा रक्ताची गाठ हाच बलक समजून नलिका त्याभोवती पुढचे सारे काम उरकते. अशी अंडी कोंबडाच घालतो, असे युरोपात एकेकाळी मानत. १४७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात अंडे घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर रीतसर खटला चालवून त्याला जाळण्यात आले. त्या मानाने आपल्याकडचे समज सौम्यच म्हणायचे.

कवच नसलेले, हाताला लिबलिबीत लागणारे अंडे पाळणाऱ्याला सर्वांत जास्त घाबरवते. एखाद्या वेळी असे होण्यामागे काही नसते: रात्री कुत्र्याने खुराड्यावर झडप घातली किंवा कोंबडी बिचकली की अंडे वेळेआधीच बाहेर पडते. वारंवार होत असेल तर खाद्य तपासावे. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते, आणि ज्वारी, तांदळाची कणी, उरलेली भाकरी यांत ते नसल्यातच जमा. म्हणूनच अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम लागते. कवच मुख्यत्वे रात्री घडते, तेव्हा कोंबडी खात नसते. शिंपल्यांचा जाडसर चुरा संध्याकाळी दिला तर तो पेषणीत रेंगाळतो आणि रात्रभर हळूहळू विरघळतो. बारीक भुकटी लवकर पुढे निघून जाते. अंड्याची टरफले दिल्याने कोंबडीला अंडी फोडायची सवय लागते, हा समजही निराधार आहे. टरफले भाजून, चुरून, ओळखू येणार नाहीत अशी द्यावीत. वाढत्या पिलांना मात्र हा खुराक नको. जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

उन्हाळ्यात शिंपले देऊनही कवच पातळच राहिले तर दोष खाद्याचा नसतो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकते. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेट कमी पडतो. विदर्भातल्या मे महिन्यात सावली आणि थंड पाणी हाच त्यावरचा पहिला इलाज.

रंगाबद्दलचे समज दुकानदाराच्या सोयीचे आहेत. कवचाचा रंग जातीवर ठरतो, पौष्टिकतेवर नाही; तपकिरी अंडे म्हणजे गावरान असेही नाही. कडकनाथचे मांस काळे असले तरी अंडे साईच्या किंवा फिकट तपकिरी रंगाचे असते, त्यामुळे ‘कडकनाथचे काळे अंडे’ असे म्हणून कोणी काही विकत असेल तर ते घेऊ नये. बलकाचा पिवळेपणा मका आणि हिरव्या पाल्यातून येतो. कापसाच्या पट्ट्यात सरकी पेंड खाल्लेल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक साठवणीत हिरवट-तपकिरी होऊ शकतो. तो सरकीतल्या गॉसिपॉल या द्रव्याचा परिणाम आहे; अंडे सडलेले असेलच असे नाही.

एका कोंबडीचे एखादे अंडे वेगळे निघाले तर त्यात काळजीचे कारण नाही. अनेक कोंबड्यांची अंडी एकदम घटली, कवचे सुरकुतली, पांढरा बलक पाण्यासारखा झाला, तर संसर्गजन्य ब्राँकायटिस किंवा मानमोडी यांसारख्या विषाणूजन्य आजारांची शंका घेऊन पशुवैद्यकाला दाखवावे. ब्राँकायटिसने अंडनलिकेला इजा झालेली कोंबडी बरी झाल्यावरही वेडीवाकडी अंडी देत राहते. क्वचित रबरासारखा, थराथरांचा, दुर्गंधी येणारा पिवळट गोळा पडतो. ते अंडे नसते; सुजलेल्या अंडनलिकेत साकळलेला पू असतो आणि तो खाण्याजोगा नसतो.