खोलगट सोफा-कम-बेड आणि ज्येष्ठांची झोप

शहरांतील लहान घरांत दिवाणखान्यातील सोफा-कम-बेड हीच अनेक ज्येष्ठांची रात्रीची शय्या असते. कालांतराने त्याचा फोम दबतो, खालच्या पट्ट्या सैल होतात आणि मध्यभागी खळगा पडतो. कंबर त्यात रुतल्याने पाठीचा कणा रात्रभर वाकलेला राहतो. सकाळी अंग आखडते. ‘आता वयच झाले’ असे म्हणून हे दुखणे सोसले जाते. वास्तविक दोष अंथरुणाचाही असू शकतो.

अशा वेळी वरून आणखी एक मऊ गादी अंथरली जाते. पण तीही खळग्याचाच आकार घेते. उपाय खालून करावा. सांगाड्याच्या मापाचे १२ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड सुताराकडून दोन तुकड्यांत कापून, कडा घासून घ्यावे आणि रात्री फोमखाली सरकवावे. हवा खेळण्यासाठी त्याला काही भोके पाडावीत. फोमवर कापसाची पातळ गादी पसरावी व तिला अधूनमधून ऊन दाखवावे.

मग उंची तपासावी. काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. अन्यथा रात्री उठताना तोल जाण्याचा धोका असतो. पाय टेकत नसल्यास वरची गादी काढावी.

स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या रुग्णासाठी मात्र हा उपाय योग्य नाही. कठीण पृष्ठभागाच्या दाबाने त्यांना शय्याव्रण होऊ शकतात. त्यांची गादी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच निवडावी.