ओकच्या लाकडाची चौकट

ओक म्हटले की आपल्याकडे आधी आडनाव आठवते, झाड नव्हे. तरी या झाडाशी आपला परिचय पाळण्यापासूनचा आहे. बाळगुटीत उगाळतात ते मायफळ वस्तुतः फळ नसून, ओकच्या एका जातीवर कीटकामुळे आलेली गाठ असते. तिचा तुरटपणा ओकच्या लाकडातही उतरलेला असतो. या तुरट द्रव्यावर, म्हणजे टॅनिनवर, चौकट करणाऱ्या युरोपीय कारागिराचे निम्मे यश आणि निम्मी फसगत अवलंबून असते.

युरोपात चित्र आणि ओक यांची सोबत जुनी. व्हान आयकने १४३३ साली रंगविलेले तांबड्या पागोट्याच्या पुरुषाचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत मूळ चौकटीसह आहे; त्याची फळी ओकचीच. पुढे चौकटींवर खडूचे लेप आणि सोन्याचा मुलामा चढला व लाकूड दिसेनासे झाले. १८६० च्या सुमारास रॉझेटी आणि मॅडॉक्स ब्राउन यांनी सोन्याचा वर्ख थेट ओकवर लावून त्याच्या रेषा पुन्हा दिसू दिल्या. आम्हांला ही रुची अधिक पटते.

कारागीर प्रथम पाहतो तो फळीचा छेद. ओंडका मध्यापासून सालीकडे, त्रिज्येच्या दिशेने चिरला, तर फळीवर रुपेरी पट्टे उमटतात. ही केवळ शोभा नव्हे. अशी फळी रुंदीत इतर फळ्यांच्या जवळजवळ निम्मीच आकसते. लांबीत तर लाकूड आकसतच नाही म्हटले तरी चालेल, आणि नेमकी येथेच कोपऱ्याची अडचण उभी राहते. पंचेचाळीस अंशांत कापलेली पट्टी कोरड्या हवेत अरुंद होते, पण तिची लांबी तेवढीच राहते. त्यामुळे कोन बिघडतो आणि सांधा आतल्या बाजूस उघडतो. पावसाळ्यात लाकूड फुगले की तोच बाहेरच्या टोकास उघडतो. आपल्या भिंतींवरील तसबिरींचे कोपरे पाहा, म्हणजे प्रत्यय येईल.

नुसत्या सरसाने हा सांधा टिकत नाही. लाकडाचे कापलेले टोक सरस पिऊन टाकते. म्हणून आधी पातळ सरसाचा एक हात देतात, तो सुकल्यावर दाट सरस लावतात आणि कोपऱ्यावर आडवी चीर पाडून तीत ओकचीच पातळ पट्टी बसवितात. जुने कारागीर कुसू घालून लाकडी खुंटी ठोकीत. सरस सुकण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. मागची खाच चित्रापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी हवी, नाहीतर आकसणारे लाकूड काचेला चेपते.

आता रंग. ओकला रंग लावीत नाहीत, तो त्यातूनच काढतात. बंद पेटीत चौकट आणि शेजारी बशीत कडक अमोनिया एक-दोन दिवस ठेवला की वाफेने टॅनिन पालटते व लाकूड करडे-तपकिरी होते. (डोळे आणि श्वास सांभाळावा, हे काम उघड्या हवेतले आहे.) सालीलगतच्या कोवळ्या लाकडात टॅनिन कमी, म्हणून तेवढा भाग फिका राहतो, तो आधीच कापून टाकावा. मग जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले की करडेपणा जाऊन ऊब येते, शेवटी मेण. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत, त्या आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवाव्या.

लोखंडी खिळा मात्र ओकला वर्ज्य. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपल्या आजोबांनी केलेली. ओल लागली की खिळ्याभोवती तीच शाई तयार होते. म्हणून स्क्रू पितळी घ्यावे. ओकमधून आम्लाची वाफही निघत राहते व ती कागदाला बाधते. जुने छायाचित्र किंवा हस्तलिखित लावायचे असेल तर खाचेला धातूच्या पातळ वर्खाचे अस्तर द्यावे आणि मागची फळी चिकटवू नये. ती स्क्रूनेच बसवावी, म्हणजे दर पावसाळ्यानंतर उघडून बुरशी पाहता येते.